पुलाचा जावई

पुलावर पाऊल ठेवण्याआधी मामा उजव्या हाताचा पंजा पालथा करून पहिल्या तिरप्या पोलादी खांबाला टेकवत. आजारी माणसाच्या कपाळाला टेकवावा तसा. क्षणभर थांबत आणि मग, मी शेजारी असले तर मला, नसले तर स्वतःलाच सांगत, “पानी जातं हो. माती बसून राते.”

पोलादाच्या गंजाविषयी मी जी जाडजूड पुस्तके वाचली, त्यांचे सार याहून वेगळे नाही. वाहते पाणी पोलादाला फारसे दुखवत नाही. सांध्यांत साचलेला गाळ दुखवतो. पावसाळा सरून महिने लोटले तरी तो ओल धरून बसतो, आणि त्याच्याखाली पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने, आवाज न करता, सुटत जातो. पुस्तकांनी हे मला आकृत्या काढून सांगितले. मामांनी गाळाचा एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “दाबा.” दिवाळी तोंडावर आली होती, आभाळ कोरडे होते, आणि माझ्या बोटांच्या फटींतून पाणी गळले.

जव्हारच्या पठारावरून मोखाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर ते मैलकामगार होते. म्हणजे रस्त्याच्या एका ठरलेल्या टप्प्याची निगा राखणारे मजूर. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. एसटीच्या खिडकीतून असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कमरेच्या मागे लाकडी आकडीत अडकवलेला कोयता, डोक्याला पंचा, हातात घमेले. गाडी जवळ आली की तो कडेच्या गवतात सरकतो. आपण त्याच्याकडे पाहतो, आणि पुढच्या वळणापर्यंत तो डोळ्यांत उरलेला नसतो.

मी ज्या संस्थेत अभियंता आहे, ती महामार्गांवरच्या पोलादी पुलांची तपासणी करते. पूल आज कोणत्या पायरीवर आहे हे आम्ही ठरवतो. अगदी वरची पायरी म्हणजे निरोगी पूल, अगदी खालची म्हणजे वाहतूक बंद. पण माझे खरे काम त्यानंतर सुरू होते. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून, हा पूल पुढच्या वर्षी एक पायरी उतरेल याची शक्यता किती, त्यापुढच्या वर्षी किती, हे मी गणिताने मांडते. कागदावर एक रेषा उमटते, डावीकडून उजवीकडे हळूहळू झुकत जाणारी. प्रत्येक पुलाची रेषा वेगळी असते.

मामांच्या टप्प्यातल्या पुलाची तपासणी नेहमी थंडीत होई. त्या वर्षी मात्र काही कारणाने मी लवकर गेले. भात पिवळे पडले होते, नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसे मुठी आवळू लागली होती, आणि वाघबारस, इकडच्या दिवाळीचा पहिला सण, चार-पाच दिवसांवर होती. पुलाखाली उतरले तेव्हा दगडी खांबाच्या माथ्यावर, जिथे पुलाचा सारा भार बेअरिंगवर टेकतो, तिथल्या हातभर फटीतून दोन पाय बाहेर आलेले दिसले.

“कोण आहे? तिथे काय करताय?” मी ओरडले.

“न्हाऊ घालतोय,” आतून आवाज आला.

“कोणाला?”

“पुलाला. वाघबारशीच्या आत आवरला पायजे. सनाला घरातला कोन पारोसा राहतो का, बाई?”

अशी मामांची आणि माझी पहिली भेट. मग खुरप्याचा खरवडण्याचा आवाज, आणि माझ्या पायाशी गाळाचा एक लोंदा पडला. कुजलेली पाने, वटवाघळांची शी, आणि त्या साऱ्यावर तरंगणारा खारट, उग्र असा माशांचा वास. समुद्राकडून मासळी घेऊन येणारे टेंपो चढावर हिंदकळत, बर्फाचे खारे पाणी पुलाच्या सांध्यांत ठिबकत जाई. मामा रस्त्यात उभे राहून त्या टेंपोवाल्यांना हात करत आणि खडसावत, “अरे, मासळी तुमी खा! तिच्यापायी माझा पूल कशाला खाता?” टेंपोवाले हसत आणि कधी एखादा बांगडा फेकून जात. मामा तो बांगडाही आधी पुसत, मग पंचात गुंडाळत.

पोलादाची जाडी मोजण्याचे माझे यंत्र त्यांना फार आवडले. ते लावण्याआधी पत्र्याला एक चिकट द्रव लावावा लागतो. मी तो चोपडत असताना ते बराच वेळ गंभीरपणे पाहत होते. शेवटी म्हणाले, “जव्हारच्या दवाखान्यात माझ्या लेकीच्या पोटाला हेच लावलेलं. पुलाला दिवस गेलेत का, बाई?”

मी हसले, तेही हसले. त्यांच्या हसण्यात वरच्या दोन दातांची जागा रिकामी होती आणि त्यातून वारा शीळ घालून जाई.

त्यांच्याकडे यंत्र नव्हते, एक लहान हातोडी होती. रिव्हेट म्हणजे पुलाचे पत्रे एकत्र धरणारे घुमटाकार खिळे. मामा एकेका रिव्हेटवर हलकेच टकटक करत आणि मान तिरकी ठेवत. “डोळे मिटा,” त्यांनी मला सांगितले. मी मिटले. पहिला ठोका खणखणीत आला आणि हवेत थोडा वेळ राहिला. “हा बोलतो.” दुसराही तसाच. तिसरा ठोका बुजलेला होता, ओल्या मडक्यावर मारावा तसा. “हा घुम्या. ह्याच्या पोटात काय तरी हाय.” मी डोळे उघडले आणि यंत्र लावले. त्या जागी पत्रा आतून झिजलेला होता. त्या दुपारी मी त्यांच्या मागे मागे सबंध पूल ऐकत गेले. ज्या रिव्हेटला ते घुम्या म्हणत, तिथे एकदाही माझे यंत्र त्यांच्या विरुद्ध गेले नाही.

हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्यांच्या हुकमात खड्डे बुजवणे होते, कडेचे गवत कापणे होते, गटारे मोकळी करणे होते. पूल त्यात नव्हता. पुलाची पाहणी वरचे लोक करतील, असा एकूण समज. मामा आपले ठरलेले काम उरकून, उरलेल्या वेळात, दर वर्षी वाघबारशीच्या आत पुलाचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक बेअरिंग खुरप्याने खरवडून, खराट्याने झाडून, डब्या-डब्याने पाणी ओतून धूत. म्हणून थंडीत येणाऱ्या आम्हा सर्वांना हा पूल नेहमी स्वच्छ दिसे. तो असाच असतो असे आम्हाला वाटे.

त्यांच्या टोळीतले मजूर त्यांना पुलाचा जावई म्हणत. खोडाळ्याच्या वाटेवर एका पाड्यात त्यांचे घर होते. दुपारी मामी नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी घेऊन येत. त्या माझ्या यंत्राकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, “तुमच्या डब्यात बघून सांगा बाई, ह्या माझ्या सवतीचं वय काय?”

“तुमच्याहून मोठी आहे, मामी.”

“बघ!” त्या नवऱ्याकडे वळल्या. “म्हातारीच्या नादी लागलास.”

“म्हातारी हाय म्हनूनच तर,” मामा भाकर मोडत म्हणाले. “तरनी असती तर तिला माझी काय गरज?”

त्याच दिवशी, मी निघण्याच्या बेतात असताना, त्यांनी मला विचारले, “बाई, तुमी लिवता ते वर जातं?”

“जातं.”

“मंग एक लिवाल?” ते थोडे थांबले. मजुरांच्या टोळ्या नव्याने लावायचे चालले होते. जिथे कामाची गरज कागदावर असेल तिथेच माणूस राहील, बाकीचे दुसऱ्या टप्प्यांवर जातील, असे त्यांच्या देखरेख करणाऱ्या साहेबांनी सांगितले होते. “माझं नाव नको लिवायला. इथं एक मानूस लागतो, एवढंच लिवा. मला लांब टाकला तर हिला कोन बघंल?”

‘हिला’ म्हणताना त्यांचा पंजा खांबावर होता. मामी घरी परतल्या होत्या.

“लिहिते,” मी म्हणाले. मनापासून म्हणाले. पुढे जे केले त्यात वाईट हेतू नव्हता, एवढेच मला सांगता येते, आणि त्याने काही हलके होत नाही.

ठाण्याच्या कार्यालयात मी त्या भागातल्या सगळ्या पोलादी पुलांच्या नोंदी गणितात बसवल्या. बाकीच्या पुलांच्या रेषा जवळजवळ सारख्याच झुकत होत्या. या एका पुलाची रेषा मात्र संथ होती, एखादी स्त्री डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरते तशी, सावकाश, न सांडता. तोच पाऊस, तीच हवा, तेवढेच वय, आणि तरी हा पूल इतरांहून कितीतरी कमी झिजत होता. का, हे मला ठाऊक होते. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर गाळाचा डाग अजून होता आणि डागाखाली माझ्याच अक्षरात ‘सर्व सांधे मामा साफ करतात’ असे लिहिलेले होते.

पण तक्त्यात ‘नियमित देखभाल’ असा एक रकाना होता, आणि त्यात कागदोपत्री पुरावा असेल तरच ‘आहे’ लिहायचे असा आमचा नियम होता. मी वरिष्ठांना विचारले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून विचारले, “हुकूम आहे का सफाईचा?”

“नाही.”

“मग एका माणसाच्या खराट्यावर गणित बसवणार का आपण? उद्या तो माणूस नसला तर?”

या प्रश्नातच उत्तर होते. तो माणूस नसला तर काय, हेच तर अहवालात लिहायला हवे होते. मला ते त्या क्षणी दिसलेही. पण रकान्याबाहेरची टीप जोडायची तर सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागली असती, आणि अहवाल देण्याचा दिवस जवळ आला होता. शिवाय, हे मी प्रथमच कबूल करते आहे, त्या संथ रेषेच्या मी प्रेमात पडले होते. ती इतकी सुरेख होती की तिच्यासाठी मला एखादे सुरेख कारण हवे होते. मी रकान्यात ‘नाही’ लिहिले. मग गणिताने आपले काम चोख केले. देखभाल नाही आणि तरी झीज कमी, म्हणजे पोलादच उत्तम प्रतीचे असले पाहिजे. मामांच्या हातांचे श्रेय लोखंडाला गेले. अहवालात मी वाक्य लिहिले, ‘या पुलाची झीज स्वभावतः संथ असून त्याकडे तूर्त विशेष लक्ष देण्याची आवश्यकता नाही.’ ‘स्वभावतः’ हा शब्द मी विचार करून निवडला होता.

अहवाल अजून कच्चा होता, पक्का व्हायला आठवडा होता, तेव्हा काही छायाचित्रांसाठी मला पुन्हा पुलावर जावे लागले. मामा कडेचे वाळलेले गवत कापत होते. मला पाहून त्यांनी कोयता आकडीत अडकवला आणि हात पंचाला पुसत आले.

“लिवलं, बाई?”

नाही म्हणायला अवधी होता, आणि परत जाऊन ते वाक्य अहवालात लिहायलाही. पण त्यांचा चेहरा इतका खात्रीचा होता की त्यात ‘नाही’ ठेवायला मला जागा सापडली नाही.

“लिहिलं,” मी म्हणाले.

त्यांनी एकदाच मान हलवली. मग मागे वळून टोळीतल्या मजुरांना हाक मारली, “ऐकलं का रं? लिवलं!”

ठाण्याला येताना मी गाडीत ठरवले की उद्या बदलीन. दुसऱ्या दिवशी दुसरे काम निघाले. त्यानंतरच्या दिवशीही निघाले. मग अहवाल गेला.

टोळ्या बदलल्या. पुलाकडे विशेष लक्ष देण्याची आवश्यकता नाही असे कागद सांगत असताना तिथे माणूस ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. मामांना घाटाच्या पलीकडच्या टोकाला टाकले. त्यांच्या पाड्याहून ते इतके दूर होते की सकाळी उजाडण्याआधी निघावे आणि दिवेलागणीला परतावे. उरलेला वेळ असा राहिलाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या घाटात माझी गाडी एका वळणावर सावकाश झाली आणि कोणीतरी हात केला. मामा होते. वाळले होते. त्यांनी खिडकीशी वाकून पहिला प्रश्न विचारला, “पूल कसा हाय?”

मी पूल वरून, धावत्या गाडीतून पाहिला होता. सांध्यांतून गवत उगवले होते, आणि त्याचे शेंडे वाळून पिवळे पडले होते.

“बरा आहे, मामा.”

“बराच असंल. तुमी लिवलंय ना.” त्यांनी आवाज खाली केला, जणू माझीच समजूत घालायची होती. “तुमी मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमी लिवलं, पन वरचे वाचत नाय. ह्यात तुमची काय चुकी?”

मग ते टोळीकडे वळून म्हणाले, “हीच ती बाई.” रस्त्याकडेला बसलेले मजूर उभे राहिले. एका बाईने मला करवंदांनी भरलेला द्रोण दिला. मी तो घेतला. करवंदे पिकलेली, काळीभोर होती, आणि त्यांचा चीक माझ्या ओठांना पुढचे दोन दिवस चिकटून राहिला.

विशेष लक्ष नको म्हणून पुढची तपासणी तीन पावसाळ्यांनी झाली, आणि तेव्हा पूल एकदम दोन पायऱ्या उतरला होता. माझ्या रेषेला हे मान्य नव्हते. ती कागदावर अजून संथपणे, हंडा न सांडता उतरत होती. बेअरिंगवर गुडघाभर गाळ होता, आणि तो हाताने बाजूला केला तेव्हा खालचा पत्रा बिस्किटासारखा तुटून आला. पुलावर जड वाहनांना मनाईची पाटी लागली. मी चूक मान्य करणारी टीप लिहिली, रकाना बदलला, गणित पुन्हा मांडले. माझी टीप वर गेली आणि, मामांचे म्हणणे खोटे पाडत, वाचलीही गेली. त्या पुलाच्या वार्षिक सफाईचा हुकूम निघाला. त्यात ‘एक मनुष्य आवश्यक’ असे शब्द आहेत.

तो कागद घेऊन मी मामांना शोधायला निघाले. खरे सांगायचे ठरवले होते, वाक्ये मनात जुळवली होती. टोळीतल्या मजुरांनी सांगितले, मामा मागच्या पावसाळ्यातच गेले. ताप आला आणि उतरलाच नाही.

इथे मी त्यांचे नाव लिहिलेले नाही, पाड्याचे नाही, पुलाचेही नाही. त्याचे कारण त्या दुपारी घडले.

मी पाड्यावर गेले. मामी अंगणात सुपाने नागली पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखले, आत नेऊन पाणी दिले. कुडाच्या भिंतींना शेणाचा ओला वास होता. मी बसले नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. मी लिहिले नव्हते. लिहिले असे खोटे बोलले. मामांना लांब जावे लागले ते माझ्यामुळे.

मामींनी माझ्या हातातला पेला परत घेतला. त्यांच्या केसांत नागलीचा भुसा अडकला होता.

“बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते,” मी म्हणाले. “ते खरे होते, खोटी मी होते, हे सगळ्यांना कळायला हवं.”

“नाय,” त्या म्हणाल्या.

“मामी—”

“शेजारचा म्हातारा त्याला चिडवायचा. भिवंडीला राहून आलाय तो, त्याला सगळं ठावं असतं. बोलायचा, बाईनं तुला उल्लू बनवला. रोजचं भांडन. शेवटाला ह्यानं सगळ्या पाड्यासमोर कनसरीची आन घेतली, का बाईनं लिवलंय म्हनून.”

कणसरी म्हणजे धान्याची देवी. कोठारात ती, ताटात ती. तिची आण इकडे कोणी सहज घेत नाही. ती खोटी ठरली तर घरातले धान्य उठून जाते, असे मानतात.

“तो आन घेऊन गेला,” मामी म्हणाल्या. “आता तुमी बाहेर जाऊन खरं बोलला, तर खोटा कोन पडंल?”

मी हुकुमाचा कागद घडी करून परत पिशवीत ठेवला.

“तुमाला हलकं व्हायचंय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तुमी तुमच्या गावाला जाऊन व्हा.”

त्या बाहेर गेल्या आणि सूप उचलले. मी मागोमाग आले. शेजारच्या ओसरीवर चार-पाच माणसे बसली होती. त्यांतला एक म्हातारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मला न्याहाळत होता.

“बाई,” त्याने विचारले, “आमच्या पुलाच्या जावयाचं ते तुमीच लिवलेलं ना? का आपलं असंच?”

मामींच्या हातांतले सूप थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. अंगणात वारा होता, आणि थांबलेल्या सुपातून नागलीचा हलका भुसा एकटाच उडून जात होता.

“हो,” मी म्हणाले. “मीच लिहिलं होतं.”

सूप पुन्हा हलू लागले.

“नाय, तो खोटं बोलनारा नव्हताच कधी,” म्हातारा हळूच म्हणाला. मग तो ओसरीवर थोडा बाजूला सरकला, आपला टॉवेल सोडून त्याने मोकळ्या झालेल्या जागेवरची धूळ झटकली, आणि मला म्हणाला, “या, बसा.”

मी बसले.